सातबाऱ्यावर नाव लागलं, आता पुढे काय? कोर्टकचेरीचे रोजचे प्रश्न आणि वकिलाची निवड

२०२५ मध्ये महसूल खात्याने ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली. वर्षानुवर्षं सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबा-पणजोबांचीच नावं होती. ती कमी करून वारसांची लावायची, एवढाच तिचा हेतू. मराठवाड्यात त्यातून एक गोष्ट अशी झाली की कितीतरी घरांत भावांच्या जोडीला बहिणींची नावं लागली आणि आजवर कुणी तोंडातून न काढलेला विषय ओसरीवर आला. ‘ताईचं नाव लागलं, म्हणजे आता निम्मं रान तिचं का?’ ‘दादा म्हणतोय बॉन्डवर सही करून दे. करू का?’ ‘माझं नाव लागलंच नाही, मी कुणाकडं जाऊ?’

हे प्रश्न कायद्याच्या दृष्टीने तसे अवघड नाहीत. घोळ होतो तो विचारण्यात. तहसीलबाहेरचा टायपिस्ट एक सांगतो, सोयऱ्यातला वकील दुसरं, मोबाइलवरचा व्हिडिओ तिसरंच. गंमत म्हणजे तिघांचंही बरोबर असू शकतं, कारण तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. आपला प्रश्न नेमका कोणत्या दारातला आहे हे कळलं, की वकील लागणार का, लागला तर कसला, हे ठरवणं बरंच सोपं जातं.

## एकच भांडण, तीन दारं

समजा, केज तालुक्यातलं एक घर. वडील वारले. मागे दोन भाऊ, एक बहीण आणि सहा एकर रान. थोरल्याने वारसाची नोंद करताना बहिणीचं नाव गाळलं, धाकट्याचा बांधावरचा रस्ता नांगरून टाकला, आणि विचारायला गेलेल्या मेव्हण्याच्या पाठीत काठी घातली. गावाच्या लेखी हे एकच भांडण. कायद्याच्या लेखी तीन, आणि तिन्हींची दारं वेगळी.

नाव गाळलं, तो प्रश्न महसुलाचा. सातबाऱ्यावरचा बदल ज्या नोंदीने होतो तिला फेरफार म्हणतात. फेरफार धरला की संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. हरकत आली की ती नोंद तक्रारीत जाते आणि मंडळ अधिकारी किंवा तहसीलदार सुनावणी घेतात. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील. अडवलेला रस्ताही तहसीलदारांच्याच दारातला, मामलेदार न्यायालय अधिनियमाखालचा. पण तिथे रस्ता अडवल्यापासून ६ महिन्यांत अर्ज करावा लागतो. ‘पुढच्या सुगीला बघू’ म्हणत बसलं की हे दार बंद होतं.

हिस्सा कुणाचा किती, ताबा कुणाचा, खरेदीखत खरं की खोटं, हे मात्र दिवाणी न्यायालय ठरवतं. नेमक्या याच ठिकाणी माणसं फसतात. सातबारा हा मुळात महसूल गोळा करण्यासाठी ठेवलेला कागद. लाइटबिल ज्याच्या नावावर, घर त्याचंच असतं असं नाही. सातबाऱ्याचंही तसंच आहे. नाव लागल्याने मालकी येत नाही आणि नाव गाळल्याने ती जातही नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे वेगवेगळ्या निकालांत अनेकदा सांगितलं आहे. म्हणून तहसीलला फेरफाराचं अपील जिंकलं म्हणजे जमीन जिंकली, असं धरून चालू नये. आणि फेरफार हरलो म्हणून हाय खाण्याचंही कारण नाही.

काठी घातली, तो प्रश्न पोलिसांचा. त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

## बहिणीचा हिस्सा आणि बॉन्डवरची सही

हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच, जन्मापासूनचा हक्क मिळाला. ‘दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायला हवेत’ हा वाद बरीच वर्षं चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोही मिटवला: वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. मुलगी लग्न झालेली असो वा नसो. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी करून किंवा कोर्टाच्या हुकमाने वाटणी झाली असेल, तर ती उकरून काढता येत नाही.

मग वरच्या घरात कुणाला किती? मृत्युपत्र नसेल आणि आई हयात असेल तर चार सारखे हिस्से, आई नसेल तर तीन. ‘निम्मं रान बहिणीचं’ ही नुसतीच भीती आहे. वडिलांनी स्वतः कमावलेली जमीन असेल तर ती मृत्युपत्राने कुणालाही देता येते. मुस्लिम कुटुंबात हिस्से मुस्लिम वैयक्तिक कायद्याप्रमाणे पडतात. तिथे हा हिशोब लावू नये.

आता बॉन्ड. बहिणीला हिस्सा सोडायचा असेल तर तो हक्कसोडपत्राने सोडतात, आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. पाचशेच्या बॉन्डवर मजकूर टाइप करून नोटरीचा शिक्का मारला, तेवढ्याने स्थावर मालमत्तेतला हक्क जात नाही. तरीही अशा कागदावर सही करू नये, कारण तोच कागद पुढे ‘बहिणीची संमती होती’ म्हणून प्रत्येक कचेरीत फिरतो आणि तो खोडून काढायला वर्षं जातात. उलट नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र पक्कं असतं. निबंधक कार्यालयात नंबर आला की फोटो निघतो, यंत्रावर अंगठा टेकवतात, साक्षीदार ओळख पटवतात आणि पाच-दहा मिनिटांत काम आटोपतं. नंतर ‘मला वाचून दाखवलं नाही’ म्हणायचं तर दिवाणी दावा लावावा लागतो, तोही फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांत. राखी-दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणीला गाडीत बसवून थेट निबंधक कार्यालयात नेण्याची पद्धत आपल्याकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. सही करायचीच असेल तर आदल्या दिवशी मसुदा मागावा आणि भावाच्या वकिलाखेरीज दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावा. प्रेमाने सोडणारी बहीण एक दिवस उशिराने सोडेल. बिघडत काहीच नाही.

## पुण्याच्या व्हिडिओतला सल्ला इथे का चालत नाही

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे इथल्या जमिनीच्या कागदांची वंशावळच निराळी. जुन्या नोंदी उर्दूत आणि मोडीत आहेत. अलीकडे कुणबी नोंदींच्या निमित्ताने सगळ्यांनीच ते पाहिलं. जमिनीच्या वादात १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे तेव्हाची शेतवार जमीन-नोंद, आजही निर्णायक ठरू शकतं. कुळाचा कायदासुद्धा वेगळा: पश्चिम महाराष्ट्राला १९४८ चा, विदर्भाला १९५८ चा, आणि आपल्याला हैदराबादचा १९५० चा. पुण्याचे वकील कुळकायदा समजावतात तो त्यांच्या परीने बरोबर असतो, पण त्यातली कलमं परभणीच्या शेताला लागू नसतात.

शिवाय इनामी जमिनी आहेत. मदतमाश (निर्वाहासाठी दिलेली), खिदमतमाश (सेवेच्या बदल्यात दिलेली), देवस्थान, वक्फ, आणि ‘वर्ग २’ असा शेरा असलेली रानं. अशी जमीन घ्यायची तर नुसतं खरेदीखत करून भागत नाही. परवानगीचा प्रश्न येतो, आणि काही इनामं तर विकताच येत नाहीत. म्हणून जमिनीचा सौदा करताना चालू सातबाऱ्यावर न थांबता मागचे सगळे फेरफार आणि खासऱ्यापर्यंतचे उतारे काढावेत. ते वाचू शकणारा वकील तालुक्यातच भेटतो. त्याच्याकडे पाटी मोठी नसेल, पण खासरा हातात घेतल्याबरोबर कुठला रकाना बघायचा हे त्याला माहीत असतं.

## पोलीस म्हणतात, ‘हे दिवाणी स्वरूपाचं आहे’

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. कलमांचे आकडे सगळे बदलले. फसवणुकीचं चारशेवीस आता ३१८ मध्ये आहे, खुनाचं तीनशेदोन १०३ मध्ये, सासरच्या छळाचं चारशेअठ्ठ्याण्णव-अ ८५ मध्ये. गुन्हा त्या तारखेआधीचा असेल तर जुनीच कलमं लागतात, त्यामुळे पुढची काही वर्षं दोन्ही भाषा कोर्टात ऐकू येतील.

ठाण्यात गेल्यावर आपली तक्रार दखलपात्र गुन्ह्याची (कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करता येतो अशी) आहे की अदखलपात्र, यावर सगळं अवलंबून असतं. दखलपात्र असेल तर गुन्हा नोंदवावा लागतो, हद्द कुठलीही असो, आणि त्याची प्रत फिर्यादीला फुकट द्यावी लागते. पोलिसांनी नोंदवून घेतलं नाही तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो. अधीक्षकांकडे टपालाने पाठवलेल्या अर्जाची पावती जपून ठेवा. पुढचा अर्ज तिच्यावर उभा राहतो.

पण पोलीस ‘दिवाणी आहे’ म्हणतात तेव्हा ते दर वेळी टाळतच असतात असं नाही. मोंढ्यातल्या व्यापाऱ्याने सोयाबीन नेलं आणि पैसे थकवले, तर ती उधारी. सुरुवातीपासूनच बुडवायच्या इराद्याने खोटं नाव, खोटी पेढी दाखवून नेलं, तर ती फसवणूक. पहिल्यात वसुलीचा दावा लावायचा किंवा बाजार समितीकडे तक्रार करायची, दुसऱ्यात ठाणं. दबाव टाकायला म्हणून प्रत्येक उधारीला फौजदारी रंग देण्याची आपली सवय मात्र आपल्यावरच उलटते. दिवाणीची मुदत तोवर निघून जाते.

## मुदत गेली की खरं असूनही हरणार

उसनवारीच्या पैशांचा दावा ३ वर्षांत लावावा लागतो. जमिनीच्या ताब्याचा साधारणपणे १२ वर्षांत. ग्राहक आयोगात २ वर्षं. मोटार अपघाताच्या भरपाईला कायद्यात आता ६ महिने आहेत. पण सगळ्यात घाईची मुदत चेकची, आणि आपल्या भागात तिचा सगळ्यात जास्त फटका बसतो तो ऊसतोड कामगारांना.

मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, देताना कोरा चेक सही करून घेतो. हंगाम संपल्यावर हिशोबावरून बिनसलं की तो चेक भरून बँकेत टाकतो आणि चेक परत जातो. तिथून घड्याळ सुरू. बँकेचा निरोप मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याने नोटीस पाठवायची, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते संपल्यावर महिनाभरात कोर्टात फिर्याद.

‘आम्ही तर तेव्हा कारखान्यावर होतो, घराला कुलूप होतं, नोटीस मिळालीच नाही.’ हा बचाव बऱ्याचदा चालत नाही. बरोबर पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं पाकीट परत गेलं तरी नोटीस पोचली असंच धरलं जातं. मात्र सर्वोच्च न्यायालयाने एक वाट ठेवली आहे. नोटीस खरंच मिळाली नसेल तर कोर्टाचं समन्स हातात पडल्यापासून १५ दिवसांत चेकची रक्कम भरून तसं कोर्टाला सांगता येतं. आणि ‘चेक कोरा होता, रक्कम त्याने टाकली’ हे सांगितल्याने सुटका होत नाही. सही मान्य असेल तर चेक देणं फेडायलाच दिला, असं कायदा गृहीत धरतो. उलट सिद्ध करण्याचं ओझं सही करणाऱ्यावर. तेव्हा उचल घेताना किती घेतली, किती फेडली याचा कागद, निदान फोनवरचा मजकूर तरी, जवळ हवा. चेक बाउन्सचं समन्स आलं की मात्र त्याच आठवड्यात वकील गाठा. तारखेला न गेल्यास वॉरंट निघतं.

वकिलाची नोटीस आणि कोर्टाचं समन्स यात फरक आहे, हेही लक्षात असू द्या. वकिलाची नोटीस म्हणजे समोरच्याचं म्हणणं, कोर्टाचा हुकूम नाही. घाबरून जाऊ नये, पण उत्तर न देता कोनाड्यातही टाकू नये.

## प्रत्येक वेळी वकील हवाच का?

नाही. माहिती अधिकाराचा अर्ज आणि अपील स्वतः करता येतं. फेरफारावरची हरकत साध्या कागदावर लिहून देता येते. पोच मात्र घ्यायचीच.

ग्राहक आयोगातही तक्रारदाराला स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलंय. सोयाबीन उगवलं नाही, तर पिशवी, तिच्यावरचं लेबल, दुकानाचं बिल जपा, दुबार पेरणीसाठी रान मोडण्याआधी कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पंचनामा करून घ्या. रान मोडल्यावर पुरावाच उरत नाही, मग जिल्ह्यातला सर्वात नावाजलेला वकील लावला तरी तो काय करणार?

मात्र अटक होण्याची शक्यता असेल, जमिनीचा हिस्सा किंवा ताबा पणाला लागला असेल, किंवा समोरच्याने मनाई हुकूम, म्हणजे ज्याला आपण ‘स्टे’ म्हणतो तो, मागितला असेल, तर वकिलाशिवाय जाऊ नये.

## वकील शोधायचा तर

वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे. त्यामुळे ‘नंबर वन वकील’ असं मोबाइलवर दिसलं तर त्यावरूनच काय ते समजा. मग शोधायचा कसा? त्याच प्रकारची केस ज्यांनी लढली त्यांना विचारून. आणि एक दिवस स्वतः कोर्टात बसून. न्यायालयं सहसा सगळ्यांना खुली असतात. मागच्या बाकावर तासभर बसलं तरी कोण तयारीनिशी उभा राहतो आणि कोण नुसती पुढची तारीख घेतो, हे दिसून येतं.

दिवाणी, फौजदारी, महसूल, मोटार अपघात, कौटुंबिक असे वकिलांचे आपापले प्रांत असतात. तालुक्याच्या ठिकाणी एकच जण सगळं करतो, ते चालतं. पण ‘अशा किती केसेस चालवल्या?’ हे विचारायला संकोच नको. मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ १९८१ मध्ये सुरू झालं आणि मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांसह एकूण १२ जिल्ह्यांतल्या लोकांचं मुंबईला जाणं टळलं. पण खंडपीठातला वकील हा खंडपीठातल्या कामासाठी. तालुक्याच्या दाव्याला पहिल्याच दिवशी संभाजीनगरचा मोठा वकील लावला, तर त्याची प्रत्येक तारखेची ये-जा आपल्याच खिशातून जाते, आणि बहुतेक तारखांना त्याचा ज्युनिअरच येतो.

पहिल्या भेटीत तोंडी रामायण सांगण्याआधी एका पानावर तारीखवार घटना लिहून न्या: वडील कधी वारले, फेरफार कधी झाला, खरेदी कधी, भांडण कधी. सोबत सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), फेरफार, खरेदीखत, आलेल्या नोटिसा. चांगला वकील आधी कागद मागतो, मग बोलतो. तो तुम्हाला नको ते प्रश्नही विचारतो: ‘पाटील, अंगठा तुमच्याच वडिलांचा आहे का? खरं सांगा.’ अशाचा राग येतो, पण तोच कामाचा. कागद न उघडताच ‘शंभर टक्के आपलीच केस’ म्हणणाऱ्यापासून जपून राहा. निघताना वकिलाला तीन गोष्टी विचाराव्यात. दावा कुठल्या कोर्टात लागेल? मुदत कधी संपते? आणि आपल्या बाजूचा सगळ्यात कच्चा दुवा कुठला? तिसऱ्याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याने आपली फाइल वाचलेली नाही.

सोयऱ्यातला वकील घ्यावा का? घ्यावा, पण तेवढ्या मोकळेपणाने फीची पावती आणि तारखेचा हिशोब मागता येणार असेल तरच. ‘मामांना कसं विचारायचं’ असं वाटणार असेल तर परका बरा.

## फी, वकीलपत्र आणि कोऱ्या सह्या

फी आधी ठरवा आणि टप्प्याने ठरवा: दावा दाखल करण्याची किती, पुराव्याची किती, युक्तिवादाची किती, कोर्ट फी आणि नकलांचा खर्च त्यात धरला आहे का. शक्यतो लेखी किंवा निदान मेसेजवर. महाराष्ट्रात महिलांना पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार, घटस्फोट अशा प्रकरणांत कोर्ट फी माफ आहे. हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

‘जिंकलात तर भरपाईतले निम्मे माझे’ असा सौदा अपघाताच्या आणि भूसंपादनाच्या दाव्यांत सर्रास कानावर येतो. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलाला मनाई आहे. असा प्रस्ताव आला तर पहिल्याच भेटीत नियम मोडणारा माणूस आपले पैसे कसे हाताळेल, याचा विचार करा.

वकीलपत्र म्हणजे आपल्या वतीने उभं राहण्याचा अधिकार देणारा कागद. छापील मजकुरात तडजोड करण्याचा, पैसे उचलण्याचा अधिकारही असू शकतो, म्हणून वाचून सही करा. त्याखेरीज कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या बॉन्डवर सही मागितली तर देऊ नका, वकिलाच्या मुन्शीने (कारकुनाने) कितीही घाई केली तरी.

दाव्याला नंबर पडला की १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मिळतो. तो मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, कुठला हुकूम निघाला हे फुकट दिसतं. ‘साहेब रजेवर होते’ हे खरं की बहाणा, तेही कळतं. शिकलेल्या लेकराला सांगितलं तर दोन मिनिटांचं काम.

## ‘फुकटचा वकील काय कामाचा?’

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली महिला, लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले, आणि पूर-दुष्काळासारख्या आपत्तीत सापडलेले यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांपर्यंतची मर्यादा आहे. अर्ज तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे द्यायचा. फोनवर विचारायचं तर १५१०० हा क्रमांक देशभर चालतो. फौजदारी प्रकरणात आरोपीची बाजू मांडायला जिल्ह्याच्या ठिकाणी लोकअभिरक्षक कार्यालयं सुरू झाली आहेत. तिथले वकील पूर्णवेळ तेच काम करतात.

आक्षेप रास्त आहे: सगळेच सारख्या तळमळीने काम करत नाहीत. पण पैसे मोजून लावलेलेही करत नाहीत. नेमलेला वकील लक्ष देत नसेल तर त्याच प्राधिकरणाकडे अर्ज करून बदलून मागता येतो. आणि त्याने वरखर्च म्हणून पैसे मागितले तर ती सरळ तक्रारीची बाब आहे.

लोकअदालतही याच यंत्रणेची. तिथे मिटलं की भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि वर्षांच्या तारखा वाचतात. मात्र तिथल्या निवाड्याविरुद्ध अपील नाही. बांधाच्या वादात तडजोड लिहिताना गट नंबर, दिशा, पैशाची तारीख हे सगळं नेमकं लिहिलेलं आहे का, हे सहीआधी पाहावं लागतं. ‘बसून मिटवलं’ एवढ्यावर आनंद मानून घरी आलं की पुढच्या पेरणीला तोच बांध पुन्हा उभा.

## वकिलाशी बिनसलं तर

वकील बदलता येतो. रिवाज असा की जुन्या वकिलाची ना हरकत घ्यायची. ती देत नसेल तर कोर्टाची परवानगी मागता येते. फी बाकी आहे म्हणून फाइल अडकवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवलंय. फीचा वाद वेगळा चालेल, कागद तुमचे. तुमच्या दाव्यात तुम्हाला सल्ला दिलेला वकील त्याच दाव्यात समोरच्याच्या बाजूने उभा राहू शकत नाही. ‘वकील फुटला’ हा संशय गावात फार लवकर घेतला जातो. दोन वकील कँटीनला एकत्र चहा पिताना दिसले म्हणजे फुटला, असं नसतं हो. सीएनआरवर तारखांचा इतिहास पाहा, मग बोला.

खरोखर गैरवर्तन असेल, पैसे उचलून दिले नाहीत किंवा न विचारता तडजोड केली, तर तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करायची. ग्राहक आयोगात जाता येत नाही. वकिलाची सेवा त्या कायद्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये सांगितलं.

## मोबाइलला विचारलं तर चालेल का?

प्रश्नाचं दार शोधायला चालेल. कुठल्या कचेरीत जायचं, कुठले कागद लागतात, एखाद्या शब्दाचा अर्थ काय, हे यंत्राकडून समजून घेता येतं. पण उत्तरात आलेलं कलम जुन्या संहितेतलं आहे की नव्या, कुळकायदा कुठल्या विभागाचा, आणि सांगितलेला निकाल खरंच अस्तित्वात आहे का, हे तपासल्याशिवाय त्यावर पाऊल टाकू नका. ही यंत्रं नसलेले निकालही छातीठोकपणे सांगतात. आपले कागद, आधार, पासबुकाचे फोटो तर तिथे टाकूच नयेत.

आणि व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ म्हणाला, तर अशी अटक भारताच्या कुठल्याही कायद्यात नाही. चौकशीला हजर राहण्याची नोटीससुद्धा पोलिसांनी व्हॉट्सॲपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. कॉल बंद करायचा. पैसे गेले असतील तर १९३० वर तिथल्या तिथे फोन करायचा आणि मग जवळचं ठाणं. बँकेतली रक्कम गोठवायची तर पहिले काही तासच हातात असतात.